अक्षता मुठीत असेपर्यंत

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्या वसाहतीतल्या देवीच्या मंदिरात कहाणी सांगण्याचा मान वत्सलाबाईंचा असे. हा मान त्यांना कोणी आणि केव्हा दिला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. हर्सूलच्या रस्त्याला ही वसाहत नव्याने उभी राहत होती, मंदिराच्या जागी नुसता पत्र्याचा मांडव होता, तेव्हापासून पूजा मी सांगावी आणि पूजा आटोपली की वत्सलाबाईंनी पदर सावरून, खांबाजवळ पण खांबाला पाठ न टेकता बसावे, असाच परिपाठ होता. माझ्यापुढे पोथी असे. त्यांच्यापुढे काहीही नसे.

कहाणी ऐकण्याचा आमच्याकडचा नियम मोठा कडक. आरंभी प्रत्येकीच्या उजव्या हातात चार अक्षता द्यायच्या; कहाणी संपूर्ण होईपर्यंत मूठ उघडायची नाही आणि जागेवरून उठायचे नाही. शेवटी त्याच अक्षता देवीला वाहायच्या. अन्य ठिकाणी हा नियम सैल झाला असेल. आमच्याकडे तो टिकला, याचे श्रेय वत्सलाबाईंचे यजमान भाऊराव यांना दिले पाहिजे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मंदिराची व्यवस्था त्यांच्याकडे होती. गाभाऱ्याची किल्ली त्यांच्या कमरेला, कपाळावर ठसठशीत गंध, बोलणे मृदू. एकदा फोन वाजला म्हणून एक तरुण स्त्री कहाणीच्या मध्येच उठू लागली, तेव्हा त्यांनी तिला दारातूनच नम्रपणे थांबवले. म्हणाले, "ताई, अक्षता मुठीत असताना उठणं म्हणजे देवीला पाठ दाखवणं." ती बिचारी खाली बसली. त्या वाक्याचे पुढे मी स्वतः एका प्रवचनात कौतुक केले होते.

वत्सलाबाई ठेंगण्या, कृश, वर्णाने सावळ्या. माहेर कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातले. सगळे आयुष्य शहरात गेले तरी त्यांची बोली गावचीच राहिली. हसू आले की पदराचे टोक ओठांवर जाई आणि नुसते खांदे हलत. रस्त्याने जाताना भिंतीच्या कडेकडेने चालत. भाऊराव घरात असताना त्यांना खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाही.

त्यांच्या बोलण्याची एक रीत मला फार दिवस उमजली नव्हती. त्या कारण आधी सांगत आणि ते कशाचे कारण, हे नंतर दिसे. समोरून येताना आपणहून म्हणत, "दार लागलं, गुरुजी." आणि मग माझे लक्ष त्यांच्या कपाळावरच्या टेंगळाकडे जाई. कधी बादली लागलेली असे, कधी मोरीची पायरी. एकदा कुकरच्या झाकणाने मनगट सुजवले होते. कोणी विचारण्यापूर्वीच उत्तर तयार. माझी पत्नी इंदू एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या घरातल्या वस्तूंना फार पाय फुटलेत." मी तो तिच्या तिखट जिभेचा एक नमुना समजलो आणि पुस्तकात डोके घातले.

एका श्रावणात वत्सलाबाईंनी नावडत्या राणीची कहाणी सांगितली. कहाण्यांत नावडती राणी नेहमीचीच. राजा तिला गुरांच्या गोठ्याजवळ झोपडी बांधून देतो, जाडेभरडे खायला देतो, एवढ्यावर पोथी थांबते. वत्सलाबाई थांबल्या नाहीत.

"राजानं राणीचे केस हाताला गुंडाळले," त्या नेहमीच्याच संथ लयीत म्हणाल्या. "येक वेढा दिला, दुसरा दिला. राणी मनात म्हणली, देवा, केस लहान असते तर बरं झालं असतं. सकाळी तिनं कातरी घेतली अन् केस कापले. राजा म्हणला, इचारल्याबिगर कापलेस? मग राजानं काय केलं, ते त्या नगरातल्या समद्या बायांना ठाऊक व्हतं."

सभामंडपात नुसती समईची वात तडतडत होती. पुढे कहाणी आपल्या ठरलेल्या वाटेने गेली, राणीला देवी भेटली, राजाला उपरती झाली, अक्षता वाहून झाल्या. बायका पांगल्यावर मी वत्सलाबाईंना हळूच म्हणालो, की केसांचा तो प्रसंग पोथीत कुठे आढळत नाही. परंपरेने आलेल्या पाठात भर घालू नये.

त्या खाली बघत म्हणाल्या, "पोथीत जागा कमी असती, गुरुजी."

चपला नीट लावत असलेल्या भाऊरावांनी हे ऐकले. ते कौतुकाने हसले आणि म्हणाले, की आमच्या हिला रंगवून सांगायची भारी हौस. तेवढ्यात वत्सलाबाईंच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने सरकला. त्यांचे केस मानेच्याही वर, वेडेवाकडे कापलेले होते. आजारपणात गेले, असे भाऊरावांनी मला मागेच सांगितले होते. मला तेव्हाही ते खरे वाटले.

डोळे उघडले ते उपवासाच्या निमित्ताने. मी पंचांग पाहणारा मनुष्य. एकादश्या, प्रदोष, संकष्ट्या मला तोंडपाठ. वत्सलाबाईंचे उपवास मात्र कोणत्याच तिथीला धरून नसत. कधी द्वितीया, कधी अष्टमी, कधी एकामागून एक दोन दिवस. प्रसाद पुढे केला की त्या गाभाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या भाऊरावांकडे एकदा बघत आणि हात मागे घेत. "आज उपवास हाय." हा उपवास कोणत्या देवतेचा, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "ह्यो पंचांगात नसतो."

मी समजलो, काही नवस असावा. त्या आठवड्याच्या प्रवचनात निष्ठेचे उदाहरण म्हणून नाव न घेता मी त्यांच्या उपवासांचा उल्लेख केला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. भाऊरावांनी तर उभे राहून हात जोडले.

घरी आलो. इंदूने माझ्यापुढे ताट ठेवले ते जरा आपटूनच. पहिला घास मी हातात घेतला होता.

"आमटी खारट झाली, की त्या दिवशी तिनं जेवायचं नाही असा त्या घरचा हुकूम आहे," ती म्हणाली. "तुम्ही आज त्याची पूजा बांधलीत."

मी विचारले, तुला हे कसे ठाऊक? ती म्हणाली, सगळ्यांना ठाऊक आहे. मग थांबून म्हणाली, "सगळ्या बायकांना."

त्या दुपारी मला आणखी एक गोष्ट कळली. वत्सलाबाई ज्या दिवशी नळावर 'आज उपवास हाय' म्हणत, त्या दिवशी गल्लीतली कोणीतरी त्यांना तांदूळ निवडायला म्हणून आपल्या घरी बोलावी. स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले जाई आणि त्या जेवून, तोंड पुसून, निवडलेले तांदूळ घेऊन बाहेर येत. आमच्याही घरात त्या अनेकदा तांदूळ निवडून गेल्या होत्या. मी ओसरीवर बसून असे आणि मला वाटे, या दोघी बायका किती कष्टाळू आहेत. घास हातातच राहिला. ज्या भाषेवर मी आयुष्य काढले, तिच्यात माझ्या दारात बसून रोज काहीतरी सांगितले जात होते आणि ते स्वयंपाकघरापर्यंत पोचून ओसरीवर मात्र पोचत नव्हते.

मी भाऊरावांशी बोललो. एकान्तात, शास्त्राचा आधार घेऊन, शक्य तितक्या सौम्य शब्दांत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "तिची प्रकृती जरा नाजूक आहे, गुरुजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पुढचे काही दिवस वत्सलाबाई दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी इंदूकडे निरोप ठेवला, "गुरुजींना म्हणावं, बोलू नका. बोललं की माझ्यावर येतं. त्यांनी नुसतं ऐकावं."

नवविधा भक्तीत श्रवण ही पहिली भक्ती, हे मी शेकडो वेळा सांगितले होते. ते इतके अवघड असेल, याची कल्पना नव्हती. कारण ऐकू लागल्यावर त्यांच्या प्रत्येक कहाणीत मला काहीतरी दिसू लागले. राजाने राणीच्या पाठीवर तापलेले उलथने टेकवले, आणि त्या दिवशी वत्सलाबाई खांबापासून आणखी दूर बसलेल्या असत. ऐकणाऱ्या बायका मुठी आवळून बसत. कोणी डोळे पुसत नसे. प्रत्येकीला ठाऊक होते, की राजा बाहेर चपला लावतो आहे.

पण वत्सलाबाई नुसत्या दुःखाची मूर्ती होत्या असे कोणी समजू नये. मंदिरातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुलींनी त्यांना आग्रह केला, काकू, नाव घ्या. भाऊराव तिळगुळाचे ताट घेऊन शेजारीच उभे होते. वत्सलाबाईंनी मान खाली घातली आणि गोड आवाजात म्हणाल्या,

"दाराला नवं कुलूप, कडी घातली बाहेरून,
भाऊरावांचं नाव घेते, आवाज जरा आवरून."

मुलींनी टाळ्या पिटल्या. भाऊरावही हसले, आपले नाव मुलींच्या गर्दीत घेतले गेले, यानेच ते खूश होते. कोपऱ्यात जनाबाई मावशी बसल्या होत्या, वसाहतीतल्या सर्वांत वडील, तोंडाच्या मोठ्या फटकळ. त्या सुपारी चघळत म्हणाल्या, "कधीतरी आतून बी कडी लाव, बाई. त्यांनाबी कळू दे बाहेरची हवा." आणि मग सगळ्या थोरल्या बायका हसल्या. ते हसणे मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. वत्सलाबाईंचा पदर ओठांवर गेला होता आणि खांदे कितीतरी वेळ हलत होते.

पुढे त्यांच्या मुलाचे, संतोषचे लग्न झाले. संतोष वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. अबोल, वडिलांसारखाच नीटनेटका. सून अर्चना पाचोडची. तिचे वडील एकनाथराव मोसंबीचे बागायतदार, रांगडे पण सरळ गृहस्थ. अर्चना पदवीधर होती, मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, घरातली दारे उघडी टाकायची. वत्सलाबाई तिच्या मागे मागे फिरून दारे लोटत. पण मी पाहिले आहे, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे. एखाद्या घरात प्रथमच दिवा लागावा आणि तो वाऱ्याने जाईल या धास्तीने कोणी त्याच्याभोवती हात धरावा, तसे काहीसे होते ते.

लग्नाला वर्ष झाले असेल. उन्हाळ्यातली दुपार. आमच्या अंगणात इंदू आणि वत्सलाबाई डाळ निवडत होत्या. मी खिडकीच्या आत वाचत होतो. अर्चना सासूला बोलवायला आली. तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. इंदूने विचारले, हे काय गं?

"काही नाही काकू," अर्चना म्हणाली. "दार लागलं."

डाळीतला वत्सलाबाईंचा हात थांबला. त्या उठल्या. सुनेची हनुवटी त्यांनी दोन बोटांनी वर केली आणि बराच वेळ त्या गालाकडे नव्हे, तोंडाकडे बघत राहिल्या. जणू ते शब्द कुठून बाहेर आले, ते त्यांना शोधायचे होते.

"ते माझं हाय," त्या म्हणाल्या. "तू नको घेऊस."

अर्चनाला कळेना.

"दार, बादली, मोरीची पायरी. समदं माझं हाय, माझ्यासंगं जाईल. तुला काय झालं, ते सांग."

अर्चना रडू लागली, आणि मग तिने सांगितले. म्हणाली, "संतोषनं मला मारलं. फोनचा चार्जर सापडला नाही म्हणून." पहिल्यांदा नाही, हेही म्हणाली.

वसाहत वसल्यापासूनच्या इतक्या वर्षांत हे वाक्य असे, त्याच्या कर्त्यासकट आणि कर्मासकट, मी कधी ऐकले नव्हते. पुस्तक माझ्या मांडीवरून खाली पडले, तेही मला इंदूने उचलून दिल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाप-लेक घरी नसताना, वत्सलाबाईंनी अर्चनाला पाचोडच्या बसमध्ये बसवून दिले. घरात सांगितले, तिच्या आईची तब्येत बिघडली आहे. आठवडे गेले. अर्चना परतली नाही, आणि खरे काय ते भाऊरावांच्या लक्षात आले.

त्यांनी जे केले, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. नारळ घेऊन ते माझ्याकडे आले. एकनाथरावांना मुलीसह बोलावले आहे, श्रावणातला शुक्रवार धरला आहे, बैठक मंदिरातच, देवीसमोर. मुलीची ओटी भरायची आणि तिथूनच तिला घरी न्यायचे. मी तिथे एक शब्द टाकावा, एवढीच विनंती होती. एकनाथराव माझा शब्द मोडणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. उठता उठता म्हणाले, "आधी हिची कहाणी होऊ द्या. कहाणीनं माणसाचं मन मऊ होतं."

मी येतो म्हणालो. शब्द टाकतो, असे म्हणालो नाही. ते गेल्यावर इंदू म्हणाली, की ती पोर एकदा त्या घरात परत गेली, तर पुन्हा 'दार लागलं' म्हणायला शिकेल, आणि या वेळी पक्की शिकेल.

त्या शुक्रवारी सभामंडप भरला होता. अर्चना वडिलांना खेटून बसली होती, मान वर न करता. संतोष समोर. पूजा झाली. भाऊरावांनी अक्षतांचे तबक स्वतः फिरवले आणि म्हणाले, आज पुरुषांनीही कहाणी ऐकायची. त्यांनी एकनाथरावांच्या हातात अक्षता दिल्या, संतोषच्या दिल्या, माझ्या दिल्या, आणि शेवटी आपली मूठ मिटून ते देवीच्या उजव्या अंगाला बसले.

वत्सलाबाईंनी सगळ्यांच्या मुठींवरून एकदा नजर फिरवली.

"आटपाट नगर होतं," त्यांनी सुरुवात केली. "नगराजवळ तळं होतं. तिथं येक राजा ऱ्हायचा. देवळाची किल्ली राजाच्या कमरेला. समदे म्हणायचे, राजा लई गुणाचा. राणी बी तेच म्हणायची."

भाऊरावांच्या चेहऱ्यावरचे स्मित अजून तसेच होते.

"राजाला लेक झाला. राजाला राग आला, की लेकरू पलंगाखाली शिरायचं, कानात बोटं घालून बसायचं. राणी म्हणायची, बरं हाय, लेकराला दिसत नाय, ऐकू बी येत नाय. लेकरू वाढलं. पलंगाखाली मावंना. मग त्यानं कानातली बोटं काढली, अन् त्यांचीच मूठ केली."

संतोषची मान खाली गेली. भाऊराव हलक्या आवाजात म्हणाले, "पुरे आता. देवीची कहाणी सांग." आणि ते उठू लागले.

"देवीचीच हाय," जनाबाई मावशी म्हणाल्या. "बसा, भाऊराव. मुठीत अक्षता हायत. आम्हाला तुम्हीच शिकवलंया."

सगळा मंडप त्यांच्याकडे पाहत होता. भाऊराव बसले.

वत्सलाबाईंचा आवाज चढला नाही. श्रावणातल्या प्रत्येक शुक्रवारी जो असे, तोच. "लेकाचं लगीन झालं. गुणाची सून आली. येक दिवस राणी गॅसपाशी हुभी व्हती. पलीकडच्या खोलीतून आवाज आला. राणीनं त्यो आवाज जन्मभर आतून ऐकलेला, बाहेरून कधी ऐकला नव्हता. तिला कळंना, आपण हितं हाव, मग तिथं कोण हाय? मग कळलं. कळल्यावर राणीनं काय करावं? राणी मोरीत गेली अन् नळ सोडला. बादली भरली, सांडायला लागली. आवाज बंद होईस्तोवर राणीनं नळ बंद केला नाय."

अर्चनाने मान वर केली. सासूने हे तिलाही सांगितलेले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजून तळव्याला चिकटल्या होत्या.

कहाणीत याच्या पुढे देवीने यायचे असते. म्हातारीच्या रूपाने यावे, राणीला वाट दाखवावी. वत्सलाबाई थांबल्या.

"पुढचं मला ठाऊक नाय," त्या म्हणाल्या आणि एकनाथरावांकडे वळल्या. "दादा, सुनंला तिच्या बापानं परत धाडलं का नाय, ते तुमी सांगा. मग मी कहाणी पुरी करते. तवर कुणाला उठता यायचं नाय."

एकनाथराव मोठ्या देहाचे गृहस्थ. त्यांनी भाऊरावांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, कारण माझ्या शब्दाची सगळ्यांनाच अपेक्षा होती. मी नकारार्थी मान हलवली. याहून अधिक मी काही केले नाही.

"नाय धाडली," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, दादा. राजाला कमी ऐकू येतं."

"नाय धाडली," एकनाथराव म्हणाले. "अन् धाडणार बी नाय."

वत्सलाबाईंनी हात जोडून कहाणी सुफळ संपूर्ण केली. बायकांनी एकेक करून अक्षता वाहिल्या. भाऊरावांनीही वाहिल्या, नमस्कार केला, आणि दाराशी जाऊन नेहमीच्या मृदू स्वरात म्हणाले, "चल घरी." तो मृदू स्वर ऐकून मला जी भीती वाटली, ती कोणत्याही आरडाओरड्याने वाटली नसती.

वत्सलाबाई हलल्या नाहीत. इंदू उठली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आमच्याकडे तांदूळ निवडायचेत. चला." भाऊरावांच्या देखत, आमच्या घराचे पुढचे दार सताड उघडे ठेवून, त्या आमच्याकडे जेवल्या. दुपारी एकनाथराव दारात येऊन म्हणाले, "ताई, जीपमधी जागा हाय." त्या नेसत्या लुगड्यानिशी जीपमध्ये बसल्या.

सुनेच्या माहेरी सासूने जाऊन राहावे, ही गोष्ट पाचोडला नवीनच होती. आठवडी बाजारात बायका टोमणे मारत. वत्सलाबाईंचे उत्तर एकनाथरावांनी मला सांगितले. त्या म्हणत, "सून माहेरी आली, मी तिच्यासंगं आले. माझं माहेर लांब पडतं." मग अर्चनाने रीतसर तक्रार केली, आणि आपल्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायला वत्सलाबाई शहरात आल्या. थंडीचे दिवस होते. इंदू आणि मी सोबतीला गेलो होतो.

न्यायालयात त्यांनी कहाणी सांगितली नाही. कोणी मारले, कशाने मारले, कुठे मारले, ते सांगितले. सुनेचे आधी आणि विचारल्यावर स्वतःचे. त्यात एकही दार नव्हते, बादली नव्हती. वाक्ये इतकी लहान होती, की टंकलेखन करणाऱ्याला त्यांना थांबवावे लागले नाही. समोरचे वकील उपरोधाने म्हणाले, बाई, हे खरे असेल तर इतकी वर्षे गप्प का बसलात?

"गप नव्हते, साहेब," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी सांगत होते."

मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. तरी त्या क्षणी मला वाटले, की आता माझे नाव पुकारले जाईल.

बाहेर आलो. अर्चना त्यांचा दंड धरून पायऱ्या उतरत होती. खाली कडुनिंबाखाली भाऊराव आणि संतोष उभे होते. भाऊरावांच्या अंगात नुसता सदरा होता आणि ते खोकत होते. वत्सलाबाई त्यांच्यावरून पुढे गेल्या, रिक्षात बसल्या, आणि मग त्यांनी मला हाताने जवळ बोलावले.

"त्यांना थंडीत दम लागतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "कानटोपी अन् लोकरीची बंडी खालच्या पेटीत हाय. माझ्या लग्नातल्या शालूखाली. एवढं सांगा."

रिक्षा सुरू झाली. मी कडुनिंबाखाली गेलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. भाऊरावांनी तो लक्षपूर्वक ऐकला.

"शालू कोणत्या रंगाचा?" त्यांनी विचारले.

मी फाटकाकडे पाहिले. रिक्षा निघून गेली होती.